डोंगर राखला, खाडी राखली. मधल्या माणसांचं काय?

चेंबूरला डोंगर आहे आणि समुद्राची खाडीही आहे, हे मुंबईतल्याच पुष्कळ लोकांना सांगावं लागतं. चेंबूर म्हटलं की त्यांना आर. के. स्टुडिओ आठवतो, डायमंड गार्डन आठवतं, फार तर कारखान्यांचा वास आठवतो. पण वस्तीच्या पलीकडे, आग्नेयेला, जवळपास ३०० मीटर उंचीचा एक डोंगर उभा आहे. तो तुर्भ्याचा डोंगर. इंग्रजांनी तुर्भ्याचं ट्रॉम्बे केलं आणि पुढं आपणही तेच म्हणू लागलो. एके काळी हे वेगळं बेट होतं. आजही त्याच्या एका अंगाला माहूलची खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला ठाण्याची. चेंबूर हे नावच चिंबोरीवरून पडलं असं सांगणारे लोक आहेत. ते खरं असो वा नसो, चिखल, तिवरं, चिंबोऱ्या आणि निवट्या ही या भागाची जुनी दौलत होती यात शंका नाही.

या डोंगराला आणि या खाडीला आज सरकारी संरक्षण आहे. डोंगर अणुशक्तीच्या कुंपणात आहे आणि खाडीचा वरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, दोन्ही टिकायला हव्यात. माझी तक्रार वेगळी आहे. डोंगर आणि खाडी यांच्या आसपास जी माणसं राहतात, म्हणजे चिता कॅम्प, मंडाळा, ट्रॉम्बे कोळीवाडा, गोवंडी, शिवाजीनगर, ती या संरक्षणाच्या हिशेबात कुठंच धरलेली नाहीत. आणि शेजाऱ्याला वगळून केलेली राखण फार काळ टिकत नाही. हे सांगताना मला आपल्या दीनमधल्याच एका जुन्या व्यवस्थेचा आधार घ्यायचा आहे. पण आधी थोडा इतिहास.

दयाळ पक्ष्याचं चेंबूर

पक्षी आणि पर्यावरण हे खाऊनपिऊन सुखी लोकांचे विषय आहेत, आपल्याला त्याचं काय, असं आपल्या समाजात पुष्कळांना वाटतं. त्यांना सलीम अलींची आठवण करून द्यावी लागते. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली १८९६ साली मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मले. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून ते मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. १९०८ च्या सुमारास एअरगननं पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन हा मुलगा मामांकडे गेला, मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवलं, आणि तिथून भारतीय पक्षिशास्त्राची वाट सुरू झाली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांना माहीत असते.

कमी लोकांना माहीत असतं ते हे, की त्या कुटुंबाच्या सुट्ट्या चेंबूरला जात. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्रात सलीम अलींनी त्या चेंबूरविषयी लिहिलं आहे. टेकड्यांच्या कुशीतली झाडी, शांतता आणि तिथं गाणारा दयाळ. पुढं आयुष्यभर दयाळाचं गाणं कानावर पडलं की त्यांना चेंबूरच्या सुट्ट्या आठवत. त्याच गोतावळ्यातले हुमायून अब्दुलअली मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्यामागे होते. जफर फतेहअलींनी पक्षीनिरीक्षकांसाठीचं वार्तापत्र वर्षानुवर्षं चालवलं. म्हणजे या देशात पक्षी मोजायला, ओळखायला आणि जपायला शिकवणाऱ्यांत मुंबईच्या मुसलमान घरांचा मोठा वाटा आहे, आणि त्या घरांच्या आठवणीत आपला हा डोंगर आहे.

आज त्याच डोंगराच्या छायेत मुंबईतल्या सर्वांत दाट मुस्लिम वस्त्यांपैकी काही आहेत. तिथल्या मुलाला फ्लेमिंगो कुठं दिसतो? बहुधा उड्डाणपुलाच्या खांबावर रंगवलेला. खरा पक्षी त्याच्या घरापासून फार लांब नसतो, पण मध्ये कचऱ्याचा डोंगर, काळा नाला आणि कुंपण असतं. सलीम अलींना मामांनी सोसायटीचा दरवाजा दाखवला. गोवंडीच्या मुलाला तो दरवाजा कोण दाखवणार?

डोंगर कसा बंद झाला

जानेवारी १९५४ मध्ये ट्रॉम्बेला अणुऊर्जा संस्थेची स्थापना झाली. ४ ऑगस्ट १९५६ ला 'अप्सरा' ही अणुभट्टी इथं सुरू झाली. होमी भाभा गेल्यानंतर १९६७ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. त्याच दशकात माहूलला तेलशुद्धीकरण कारखाने आले, औष्णिक वीज केंद्र आलं आणि १९६० नंतर खताचा कारखाना. देशाला वीज हवी होती, पेट्रोल हवं होतं, युरिया हवा होता. त्यासाठी लागणारी जागा मुंबईनं पूर्वेच्या या कोपऱ्यात शोधली. शहराचा कचराही याच कोपऱ्यात यायचा. कुर्ला–चेंबूर रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकला गेला तो मुळात कचरागाड्यांसाठी, आणि देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे.

अणुशक्तीच्या कुंपणानं डोंगराचं एक भलं केलं. माणसाचा पाय पडला नाही, म्हणून झाडी राहिली. मुंबईतल्या बाकीच्या टेकड्या खाणींनी पोखरल्या किंवा घरांनी भरल्या. त्यांच्या तुलनेत हा डोंगर पावसाळ्यात अजून हिरवा दिसतो. हे मान्य केलंच पाहिजे.

पण या कुंपणाची किंमत कुणी मोजली, हेही सांगितलं पाहिजे. ट्रॉम्बेजवळ जनता कॉलनी नावाची मोठी वस्ती होती. मुंबईच्या आतल्या भागांतून हुसकावलेल्या गरिबांना पालिकेनंच तिथं बसवलं होतं. अणुसंशोधन केंद्राला ती जागा हवी झाली. जॉकिन अर्पुतम नावाच्या तरुणानं वर्षानुवर्षं लढा दिला, कोर्टात गेला, दिल्लीला गेला. अखेर आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, वस्ती उठवली गेली आणि सुमारे ७०,००० माणसं खाडीच्या कडेच्या जागेवर आणून सोडली गेली. तोच आजचा चिता कॅम्प. अर्पुतम पुढं देशभरातल्या झोपडपट्टीवासीयांचे नेते झाले, त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण जनता कॉलनी परत आली नाही.

ही गोष्ट अभयारण्याच्या चर्चेत महत्त्वाची आहे. खाडीच्या कडेला झोपड्या कशा आल्या, असं जेव्हा विचारलं जातं, तेव्हा त्यातल्या हजारो माणसांना सरकारी ट्रकनं तिथं आणलं होतं, हे उत्तराचा भाग असायला हवं.

आणि डोंगराची बाजू तरी सुरक्षित आहे का? १८ जुलै २०२१ च्या पहाटे मुसळधार पावसात वाशीनाक्याच्या भारतनगरमध्ये उतारावरची भिंत घरांवर कोसळली. १९ माणसं झोपेत गेली. भिंत बांधली होती ती राखणीसाठी. तिच्या खालच्या बाजूला कोण झोपतं, पाणी कुठून वाहून जाणार, याचा विचार कुणाच्या कामाच्या यादीत नव्हता.

खाडीवर ओढलेली रेघ

आता खाडीकडे येऊ. ठाणे खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, मोठ्या संख्येनं यायला लागले ते १९९० च्या दशकापासून. कच्छ आणि गुजरातच्या किनाऱ्याकडून ते हिवाळ्याच्या तोंडाला येतात आणि पावसाच्या आधी परत जातात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात त्यांचं अन्न असतं. लहान रोहित शेवाळ खातो, मोठा रोहित किडे आणि बारीक शिंपले. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यानं शेवाळ माजतं, आणि त्या शेवाळावर हे पक्षी पोसतात. आपल्या घाणीवर त्यांचं गुलाबीपण उभं आहे, ही फार अभिमानाची बाब नाही. सांडपाण्याबरोबर कारखान्यांचं जे काही येतं, तेही त्यांच्या पोटात जातं.

६ ऑगस्ट २०१५ ला राज्य सरकारनं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. वाशीच्या पुलापासून ऐरोलीच्या पुलापर्यंत. २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं. कांदळवन कक्षानं चांगलं काम केलं आहे. ऐरोलीला केंद्र आहे, तिथून तिकीट काढून बोटीनं पक्षी पाहता येतात. उच्च न्यायालयानंही २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असं स्पष्ट सांगितलं.

पण रेघ कुठं संपते ते पाहा. वाशी पुलाच्या दक्षिणेला तुर्भ्याचा डोंगर आहे, त्याला वळसा घालून पुढं माहूल आणि शिवडीचा चिखल आहे. पक्षी तिथंही उतरतात. शिवडी–माहूलची पाणथळ जागा पक्षीतज्ज्ञांच्या महत्त्वाच्या स्थळांच्या यादीत आहे. ती मात्र अभयारण्यात नाही. जिथं तेलाच्या जेट्ट्या आहेत, पाइपलाइनी आहेत, जिथून अटल सेतू निघतो, तिथं रेघ पोचलेली नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं धडकली, तेव्हा तेल भरतीबरोबर कांदळवनात शिरलं. त्यानं कुणाची हद्द विचारली नव्हती. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर उतरत्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि जवळपास ४० पक्षी मेले. त्यांनाही रेघ माहीत नव्हती. डोंगर, दोन्ही खाड्या, चिखल आणि वस्ती हा एकच मुलूख आहे. डोंगरावरचं पाणी नाल्यात येतं, नाला वस्तीतून जातो आणि खाडीत पडतो. कागदावर आपण त्याचे तुकडे केले आहेत, इतकंच.

हिमा म्हणजे काय

आता त्या जुन्या व्यवस्थेकडे. इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीचे बलदंड सरदार चांगलं कुरण पाहून ते स्वतःच्या जनावरांसाठी राखीव ठेवत. त्याला 'हिमा' म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही खासगी मिरासदारी मोडली. हिमा फक्त अल्लाह आणि त्याच्या रसूलसाठी, म्हणजे सार्वजनिक भल्यासाठी, असा दंडक घातला. राखीव कुरण, राखीव पाणी, मदिनेभोवतीचा असा प्रदेश जिथं झाडं तोडायची नाहीत आणि शिकार करायची नाही, हे सगळं त्या परंपरेत आहे. आधुनिक अभयारण्याच्या शेकडो वर्षं आधी.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट बुखारीत आलेली हजरत उमर (र.) यांची आहे. त्यांनी हुनय नावाच्या माणसाला हिमाचा राखणदार नेमलं आणि त्याला सूचना दिल्या. मजलूमाच्या बददुआची भीती बाळग, ती कबूल होते. ज्याच्याकडे थोडेसे उंट आहेत, थोड्याशा शेळ्यामेंढ्या आहेत, त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान इब्न औफ आणि उस्मान इब्न अफ्फान यांच्या कळपांना मात्र रोख. कारण त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आणि शेतं आहेत. गरिबाची जनावरं मेली तर तो पोरंबाळं घेऊन माझ्या दाराशी येईल, आणि मग मला सोनंचांदी द्यावी लागेल. त्यापेक्षा पाणी आणि गवत देणं सोपं आहे.

लक्षात घ्या, इब्न औफ आणि उस्मान हे कुणी लबाड सावकार नव्हते. दोघंही थोर सहाबी होते, दानशूर होते. तरीही त्यांना बाहेर ठेवलं, कारण त्यांच्यापाशी दुसरा आधार होता. हिमाचा नियम माणूस चांगला की वाईट यावर ठरला नव्हता. या जमिनीवाचून कुणाचं अडेल, यावर ठरला होता.

हा नियम आपल्या खाडीला लावून पाहा. बंदी कुणावर पडते आणि परवानगी कुणाला मिळते? लाकूडफाट्यासाठी तिवराची फांदी तोडणारी बाई गुन्हेगार ठरते. सेतू, पूल, वीजवाहिनी, जेट्टी यांना रीतसर मंजुरी मिळते आणि तोडलेल्या कांदळवनाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावण्याचं वचन दिलं जातं. हे प्रकल्प निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण मोठे कळप आत आणि चार शेळ्यावाला बाहेर, हा उमर (र.) यांच्या हिमाचा बरोबर उलटा न्याय आहे. इच्छा असली की मार्ग निघतो, हेही याच खाडीत दिसलं. बुलेट ट्रेनला खाडी ओलांडायची होती तेव्हा रोहितांना धक्का लागू नये म्हणून पूल टाळून ७ किलोमीटरचा बोगदा खाडीखालून न्यायचं ठरलं. पक्ष्यांसाठी इतकं करता येतं हे चांगलंच आहे. मग भारतनगरच्या उतारावरच्या माणसांसाठी पावसाळ्याआधी भिंत तपासणं अवघड का व्हावं?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की वस्त्यांनीच कांदळवन खाल्लं. काही ठिकाणी हे खरं आहे. राडारोडा टाकून खाजण बुजवायचं, त्यावर खोल्या काढायच्या आणि गरजूंना विकायच्या, हा धंदा चालतो आणि त्यात आपले लोकही आहेत. त्यांची बाजू घेण्याचं कारण नाही. हिमा म्हणजे मोकळं रान नव्हे. तिला हद्द होती, राखणदार होता. पण खाजण विकणारा आणि त्यात आयुष्याची कमाई घालून फसणारा यांना एकाच काठीनं हाकणं हा इन्साफ नाही.

दुसरा आक्षेप अणुकेंद्राच्या सुरक्षेचा. कुंपण उघडा असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मागणी एवढीच आहे की कुंपणाच्या बाहेर जे घरंगळतं, पाणी, माती, दगड, त्याची जबाबदारी कुंपणाबरोबर संपू नये. उताराच्या भिंती आणि गटारं यांची दरवर्षी मेअखेर तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष वस्तीला मराठीत आणि उर्दूत कळवावा. यात कसलंही गुपित फुटत नाही.

काय व्हायला हवं

शिवडी–माहूलचा चिखल संरक्षणाखाली आणावा. जिथं धोका जास्त तिथं रेघ हवी.

देवनारच्या कचराभूमीतून झिरपणारं काळं पाणी खाडीत जाण्याआधी अडवलं पाहिजे. २०१६ मध्ये ही कचराभूमी पेटली तेव्हा दिवसेंदिवस धूर होता आणि गोवंडीच्या लेकरांनी तो गिळला. २०२४ मध्ये राज्य सरकारनं याच कचराभूमीची १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. कचऱ्याखालची जमीन आणि हवा आधी खरोखर स्वच्छ व्हावी, मग माणसं आणावीत. पालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात आपला एम-पूर्व विभाग साऱ्या मुंबईत तळाला होता. तळाच्या विभागात आणखी उपऱ्यांना आणून टाकणं ही १९७६ ची पुनरावृत्ती होईल.

आणि राखणीचं काम स्थानिकांना द्यावं. खाडीची भरतीओहोटी ट्रॉम्बेच्या कोळ्याइतकी कुणाला कळते? त्यांचा मासेमारीचा पिढीजात हक्क कागदावर स्पष्ट लिहावा. चिता कॅम्प, मंडाळा, शिवाजीनगरच्या मुलामुलींना पक्षी मोजायला, बोट चालवायला, पाहुण्यांना माहिती द्यायला शिकवून पगारी नेमावं. अभयारण्यामुळे ज्याच्या घरात चूल पेटते तो त्यात राडारोड्याचा ट्रक शिरू देणार नाही.

सरकारकडे मागतानाच आपल्या अंगणाकडेही पाहू. चिता कॅम्पच्या, गोवंडीच्या मशिदींत जुम्याला शेकडो माणसं जमतात. खुतब्यात कधी नाल्याविषयी बोललं जातं का? बकरी ईदनंतरचे अवशेष, रोजचं प्लास्टिक, कारखान्यातल्या चिंध्या नाल्यात टाकणारे हात बाहेरचे नसतात. सफाई निम्मं ईमान म्हणणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. मशीद ट्रस्टनं कुर्बानीचे अवशेष गोळा करण्याची व्यवस्था पालिकेबरोबर आधीच ठरवली, मदरशातल्या मुलांना हिवाळ्यात एक दिवस खाडीवर नेलं, एवढ्यानंही सुरुवात होईल. कुरआनच्या सूरह अनआममध्ये जमिनीवरचे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे. मुलांना ते पाठ असतं. ती उम्मत त्यांच्या घरामागे उतरते, हे एकदा दाखवायला हवं.

रोहित पक्षी चिखल पाहून येतात, अधिसूचना वाचून येत नाहीत. चिखल चांगला राहिला तर येतील, नाही तर दुसरी खाडी शोधतील. चिता कॅम्पच्या माणसाला दुसरी खाडी नाही. उमर (र.) यांनी राखणदाराला हेच तर सांगितलं होतं की ज्याला दुसरा आधार नाही, आधी त्याचा विचार कर. अभयारण्याच्या पुढच्या आराखड्यात पक्ष्यांच्या संख्येशेजारी या माणसांसाठीही एक रकाना असावा, ही मागणी घेऊन आपण, कोळीवाड्याला बरोबर घेऊन, वनखात्याच्या आणि पालिकेच्या दारात गेलं पाहिजे. हा हक आहे, आणि अमानतही.